सवय, धाक आणि अनुकरण

मूल बिघडले की आपण म्हणतो, 'संस्कार कमी पडले.' मूल चांगले निघाले की म्हणतो, 'शेवटी घरचे संस्कार!' ही दोन्ही वाक्ये आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की त्यांतून निघणारा निष्कर्ष आपल्या ध्यानात येत नाही. माणसाचे चांगलेपण ही जर संस्कारांचीच कमाई असेल, तर त्या माणसाचे स्वतःचे श्रेय ते कोणते? आणि वाईटपण हा जर संस्कारांचा अभाव असेल, तर ज्याच्या वाट्याला ते आलेच नाहीत, त्याला दोष तरी कोणत्या तोंडाने द्यायचा? आपल्या कॅथलिक मराठीत तर या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. स्नानसंस्कारापासून विवाहसंस्कारापर्यंत जे सात संस्कार आपण मानतो, त्यांत कृपा देवाची असली तरी ती माणसाला कळसूत्री बाहुली करीत नाही, अशी आपली श्रद्धा आहे. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ एकमेकांशी कसे नांदतात, याचा विचार आम्हांला अलीकडे पुन्हा करावासा वाटला.

हा विचार नुसत्या पुस्तकांतून करण्यापेक्षा चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांकडे पाहून करावा, असे आम्ही ठरविले आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. वसई-मुंबईच्या वाचकांना हा मुलूख ठाऊक असतो तो ताडोबाच्या वाघांमुळे आणि वर्तमानपत्रांतील चकमकींच्या बातम्यांमुळे. काहींना बल्लारपूरचा चांदा धर्मप्रांत माहीत असेल. सिरो-मलबार ख्रिस्तसभेने १९६२ साली या भागात आपल्या मिशनकार्याचा स्वतंत्र प्रदेश उभा केला, त्यातून तो वाढला. पण गेल्या पाऊणशे वर्षांत या जंगलमुलखात आणखीही एक गोष्ट घडली. माणूस भीती कशी शिकतो, ती कशी विसरतो, सवय कशी जडते आणि ती बंदीने सुटते का, या प्रश्नांची परीक्षा तेथे प्रयोगशाळेच्या बाहेर, उघड्यावर झाली.

आधी प्रयोगशाळेविषयी थोडे. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव याला १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी. अन्न पाहून कुत्र्याला लाळ सुटते, यात नवल काहीच नव्हते. पण अन्न आणणाऱ्या नोकराची पावले वाजली तरी लाळ सुटू लागते, हे त्याने हेरले आणि उरलेले आयुष्य त्याच शोधाला वाहिले. एका गोष्टीच्या पाठोपाठ दुसरी नेमाने येत राहिली, तर पहिलीची चाहूल लागताच शरीर दुसरीच्या तयारीला लागते. आपल्या पाठ्यपुस्तकांत याला 'अभिसंधान' असे जड नाव आहे. अमेरिकेत थॉर्नडाइकने १८९८ साली मांजरांना पिंजऱ्यात कोंडून पाहिले, की ज्या हालचालीने दार उघडते आणि खाऊ मिळतो ती हालचाल मांजर पक्की धरते, बाकीच्या सोडून देते. स्किनरने हेच सूत्र उंदीर-कबुतरांवर फार बारकाईने तपासले. ज्या कृतीमागून सुख येते ती बळावते. यालाच तो 'प्रबलन' म्हणे. त्यातही त्याला दिसले ते असे, की बक्षीस दरवेळी मिळण्यापेक्षा कधी मिळते, कधी हुलकावणी देते, तेव्हा जडलेली सवय सर्वांत चिवट असते. मटक्याच्या अड्ड्यावरच्या माणसाला हे कुणी सांगायला नको.

तिसरा बांदुरा. १९६१ साली त्याने स्टॅनफर्ड येथील बालवाडीतली ७२ मुले घेतली. काहींच्या देखत एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला बडवले, काहींच्या देखत मोठा माणूस शांतपणे खेळत बसला, तर काहींना असे काहीच दाखविले नाही. पुढे ज्यांनी मारहाण पाहिली होती त्यांनी बाहुल्याला तसेच बडवले, तेच शब्द वापरून. त्यांना कुणी शिकविले नव्हते, खाऊ दिला नव्हता. त्यांनी फक्त पाहिले होते.

एवढ्या सामग्रीवर आता वरोऱ्याला जाऊ.

मुरलीधर देवीदास आमटे हे हिंगणघाटच्या सुखवस्तू घरातले वकील. वरोऱ्याच्या नगरपालिकेत पदावर असताना सफाई कामगारांचे काम काय असते हे जाणून घ्यावे म्हणून त्यांनी स्वतः मैला वाहिला. अशाच एका पावसाळी रात्री त्यांना गटाराकडेला एक मांसाचा गोळा पडलेला दिसला. तो तुळशीराम नावाचा, कुष्ठरोगाच्या अखेरच्या अवस्थेतला माणूस होता. बाबा आमटे तेथून पळाले. पुढे त्यांनी स्वतःच हे वारंवार सांगितले आहे. गोऱ्या शिपायाला, गुंडाला न भ्यालेला हा माणूस एका मरणासन्न, बोटे झडलेल्या माणसाला भ्याला.

ही भीती आली कोठून? तुळशीरामाने त्यांचे काही बिघडवले नव्हते. कुष्ठरोगी या शब्दापाठोपाठ तोंड फिरवणारी, नाकाला पदर लावणारी, मुलाला मागे ओढणारी थोरली माणसे लहानपणापासून पाहिलेली असतात. बाळाला पांढरा उंदीर दाखवताना मागे लोखंडावर घण वाजवायचा, असे करून वॉटसनने १९२० साली एका तान्ह्या मुलाला त्या निरुपद्रवी प्राण्याची भीती शिकवली. आज अशा प्रयोगाला कोणी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. पण आपल्या समाजाने कुष्ठरोग्यांच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या हाच घण वाजवला आहे.

बाबा घरी आले, पण झोप लागेना. भीती आहे तेथे प्रेम राहू शकत नाही, हे त्यांना त्या रात्री उमगले. संत योहानाने पहिल्या पत्रात प्रीती आणि भीती यांचे जे वैर सांगितले आहे, ते येथे एका हिंदू वकिलाला गटाराच्या काठावर भेटले, असे म्हटले तर वावगे होणार नाही. ते परत गेले. तुळशीरामाला आडोसा केला, भरवले, त्याच्या जखमा धुतल्या, आणि मरेपर्यंत त्याची सेवा केली. पुढे कलकत्त्याला जाऊन त्यांनी कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले, आणि संशोधनासाठी म्हणून या रोगाचे जंतू आपल्याच शरीरात टोचून घेतले. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली. मग वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन उभे राहिले.

मानसशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर बाबांनी केले ते अगदी नियमाला धरून होते. सशाला भिणाऱ्या एका मुलाची भीती मेरी कव्हर जोन्स या बाईंनी १९२४ साली घालवली. मूल आवडीचे खात असताना ससा हळूहळू जवळ आणायचा, रोज थोडा अधिक. भीतीच्या वस्तूपाशी थांबता आले, पळ काढला नाही, की भीतीचा जोर ओसरतो. असिसीच्या संत फ्रान्सिसने आपल्या अखेरच्या काळात लिहून ठेवले आहे की कुष्ठरोग्यांकडे पाहणे त्याला आरंभी कडू वाटे. देवाने त्याला त्यांच्यात नेले, आणि मग तेच गोड झाले. सातशे वर्षांच्या अंतराने संत आणि बाई, दोघांची साक्ष एकच पडते.

मात्र एक फरक आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. जोन्सबाईंच्या मुलाजवळ ससा दुसऱ्या कुणीतरी आणला. बाबा आमट्यांना त्या गटारापाशी कोणी नेले नव्हते. पळून जाण्यात सुटका होती, म्हणजे स्किनरच्या भाषेत पळण्याला बक्षीस होते. शरीर जे शिकले होते ते सगळे घराच्या दिशेने ओढत होते. आपल्या शिक्षणाच्या विरुद्ध जाऊन स्वतःला नव्या शिक्षणाच्या हवाली करणे, एवढी मोकळीक माणसाला असते. आमच्या समजुतीप्रमाणे स्वातंत्र्य म्हणतात ते जवळजवळ एवढेच, आणि ते थोडेथोडके नाही.

आनंदवनाची गोष्ट येथे संपत नाही. तेथील रोग्यांनी खडक फोडून भाजी पिकवली, पण वरोऱ्यात ती घेणार कोण? रोग बरा होऊ शकतो, तो सहजासहजी लागत नाही, हे सांगून पटत नव्हते. १९५०च्या दशकाच्या आरंभी निरनिराळ्या देशांतील तरुण स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले. त्यांनी रोग्यांच्या बरोबरीने बांधकामात हात घातला, तेथलेच अन्न खाल्ले. गावाने हे पाहिले. परदेशी गोरी मुले बिनदिक्कत जेवतात हे दिसल्यावर गावकऱ्यांचा धीर चेपला आणि आनंदवनाच्या मालाला गिऱ्हाईक येऊ लागले. (गोऱ्या कातडीला मिळालेला हा मान आपल्या गुलामीचाच अवशेष होता, हेही जाता जाता म्हटले पाहिजे. बांदुरालाही पुढे हेच आढळले, की आपण कुणाचीही नक्कल करीत नाही, ज्याला प्रतिष्ठा आहे त्याची करतो.)

सुसान मिनेका या संशोधिकेने १९८०च्या दशकात माकडांवर केलेले प्रयोग या संदर्भात आम्हांला नेहमी आठवतात. प्रयोगशाळेत जन्मलेली माकडे सापाला भीत नाहीत. पण रानातून आणलेली माकडे सापाला बिचकताना त्यांनी पाहिली, की काही मिनिटांतच तीही भिऊ लागतात, आणि ती भीती टिकते. पुढचा भाग अधिक मोलाचा आहे. ज्या माकडांना आधी सापापाशी निर्धास्त असलेले माकड दाखवले होते, त्यांतील बहुतेकांना नंतर भेदरलेले माकड दाखवूनही भीती लागली नाही. जणू लसच टोचली होती. विकास आणि प्रकाश ही आमटे दांपत्याची मुले कुष्ठरोग्यांच्या अंगाखांद्यावर वाढली. १९७३ साली भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे तेथे राहायला गेले. अनोळखी कपड्यांतल्या या माणसांना माडिया आरंभी बिचकत. औषधाचे व्याख्यान त्यांना कुणी दिले नाही. आधी आलेला रोगी चालत परत गेला हे पाहून पुढचा आला.

सगळीच शिकलेली भीती टाकाऊ असते, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला जाणाऱ्या ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडच्या बाईला वाघाची भीती हवीच. वाकून बसलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो, एकटे जाऊ नये, बोलत राहावे, हे ती आईमागे चालता चालता शिकलेली असते. ती भीती शहाणी आहे. मोहाच्या झाडाखालचा पाचोळा पेटवून जमीन साफ करायची, म्हणजे फुले नीट दिसतात, हेही ती आईकडूनच शिकलेली असते. आणि त्या आगीने जंगल जळते. डोळे शहाणपण आणि चूक यांत निवड करीत नाहीत, समोर असेल ते उचलतात.

येथून आम्ही अधिक अवघड भागाकडे वळतो. विदर्भाबाहेरच्या वाचकाला 'खर्रा' माहीत नसेल. सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून प्लास्टिकच्या पन्नीत बांधतात, तो खर्रा. पानठेल्यावर तो मिळतो, खिशात राहतो, आणि चिमूटचिमूट करून चारचौघांत वाटला जातो. सुपारीने तोंड आखडत जाते, पुढे घासही नीट जाईना होतो. तंबाखूने कर्करोग होतो. हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही तो सुटत नाही, कारण नुकसान वीस वर्षांनी येते आणि किक तत्काळ. शिवाय ते सुख एकट्याचे नसते. पन्नी पुढे करणे हे मैत्रीचे निमंत्रण असते, आणि नाही म्हणणारा माणूस गटाबाहेर पडतो. बापाने पोराला पानठेल्यावर पिटाळायचे, उरलेल्या सुट्या पैशांची गोळी त्याने घ्यायची. पावलॉव, स्किनर आणि बांदुरा, तिघांचे धडे त्या एका फेरीत पुरे होतात.

दारूची कथा याहून गुंतागुंतीची आहे. मोहाची दारू गोंड-माडिया समाजात देवकार्यात, लग्नात, मरणात पूर्वजांना अर्पण होते. तिला एक मर्यादा आणि पावित्र्य होते. दुकानाची दारू आली ती मर्यादा न घेता. गडचिरोलीत १९८६ पासून काम करणारे डॉ. अभय आणि राणी बंग, त्यांची 'सर्च' संस्था, आणि त्याहूनही अधिक गावोगावच्या बायका यांनी १९८८ च्या सुमारास दारूमुक्तीचे आंदोलन उभे केले. मार खाणारी, मजुरी हिसकावली जाणारी बाई या लढ्याच्या अग्रभागी होती. १९९३ साली गडचिरोलीत दारूबंदी आली. शेजारच्या चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी यांच्या 'श्रमिक एल्गार'सह हजारो स्त्रिया २०१० साली चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून तेथेही बंदी लागू झाली. ती २०२१ साली राज्य मंत्रिमंडळाने उठवली. चोरटी दारू आणि गुन्हेगारी वाढली, हे कारण देण्यात आले. गडचिरोलीत मात्र बंदीवर न थांबता २०१६ पासून 'मुक्तिपथ' या नावाने दारू-तंबाखूविरुद्ध गावपातळीवर काम सुरू झाले.

बंदीने माणूस सुधारतो का, हा वाद आपल्याकडे दोन टोकांवरून घातला जातो. आम्हांला दोन्ही टोके पटत नाहीत. बंदी व्यर्थ म्हणणारे पावलॉवला विसरतात. संध्याकाळची वेळ, हातात आलेली मजुरी, वाटेवरचे दुकान, तेथे उभे असलेले सोबती. यांतील प्रत्येक गोष्ट पिणाऱ्याच्या शरीराला घंटा वाजवून सांगत असते. वाटेवरचे दुकान उठले म्हणजे एक घंटा थांबली. ज्या बाईच्या घरी त्यामुळे दोन दिवस चूल शांतपणे पेटली, तिला ही गोष्ट किरकोळ म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

परंतु बंदी पुरेशी म्हणणाऱ्यांनी पावलॉवचेच पुढचे पान वाचावे. लाळ सुटणे बंद झालेल्या कुत्र्याला काही काळ विश्रांती देऊन पुन्हा तोच आवाज ऐकवला, तर लाळ पुन्हा सुटते. धडा पुसला गेलेला नसतो, झाकला गेलेला असतो. आणि बांदुराचा १९६५ चा प्रयोग तर याहून बोलका आहे. या वेळी मुलांना चित्रफीत दाखवली. एका गटाने पाहिले की मारणाऱ्या माणसाला शेवटी बक्षीस मिळाले, दुसऱ्याने पाहिले की त्याला शिक्षा झाली, तिसऱ्याने पाहिले की काहीच झाले नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नक्कल फार कमी केली. येथे थांबलो असतो तर आपण म्हणालो असतो, शिक्षेचा धाक कामी आला. पण बांदुराने मग सर्व मुलांना सांगितले, की त्या माणसाने काय काय केले ते करून दाखवा, खाऊ मिळेल. तिन्ही गटांतील फरक जवळजवळ नाहीसा झाला. सर्वांनी सारखेच शिकून ठेवले होते. शिक्षेने फक्त केव्हा करायचे नाही एवढे सांगितले होते.

येथे संत मोनिकेची आठवण काढणे अस्थानी होणार नाही. आपण तिला दारुड्यांच्या आणि वाट चुकलेल्या मुलांच्या मातांची आश्रयदाती मानतो. पण ती स्वतः लहानपणी या वाटेने थोडी चालून आली होती, हे ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात मोकळेपणाने लिहिले आहे. मोनिकेच्या घरी एक कडक शिस्तीची वृद्ध दासी होती. जेवणाखेरीज मुलींना ती पाणीही पिऊ देत नसे. एवढ्या धाकात वाढलेल्या मोनिकेला पिंपातून द्राक्षारस काढायला पाठवीत, तेव्हा ती भांड्याला नुसते ओठ लावी. चव आवडत नव्हती; पोरवयाचा खट्याळपणा, दुसरे काही नाही. पण आज थोडा, उद्या आणखी थोडा असे करता करता तिला पेला भरून पिण्याची गोडी लागली. वृद्ध दासीच्या धाकाला याचा पत्ताही नव्हता. पुढे बरोबर जाणाऱ्या मुलगी-दासीशी भांडण झाले, आणि तिने रागाच्या भरात मोनिकेला 'बेवडी' अशा अर्थाचा टोमणा मारला. तो शब्द वर्मी लागला. मोनिकेला स्वतःचे रूप दिसले, आणि तिने ते त्याच वेळी सोडले.

ऑगस्टीन म्हणतो की त्या दासीचा हेतू दुखवण्याचा होता, बरे करण्याचा नव्हता. देवाने तिच्या रागाचे औषध केले. आम्ही यात एक गोष्ट जोडू इच्छितो. टोमणे आणि शिव्या ऐकून हजारो माणसे अधिकच पितात. मोनिकेच्या बाबतीत शिक्षा म्हणून तो शब्द लागू पडला नाही. त्याने तिला काही क्षण स्वतःकडे बाहेरून पाहायला लावले, आणि जे पाहिले ते तिला नको झाले.

धाकाविषयी एवढे बोलल्यावर बक्षिसाविषयीही बोलले पाहिजे, कारण आपल्या धर्मग्रामांत त्याचाच वापर अधिक. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रे काढण्याची आवड असलेली बालवाडीतली मुले निवडली. काहींना आधीच सांगितले, चित्र काढाल तर रिबीन लावलेले प्रशस्तिपत्रक मिळेल. मिळालेही. एक-दोन आठवड्यांनी पाहिले तर ही मुले मोकळ्या वेळात चित्रकलेला इतरांच्या निम्मा वेळच देत होती. आनंदाचे काम मोबदल्याचे झाले, आणि मोबदला थांबताच कामही आटले. धर्मशिक्षणाच्या वर्गाला हजेरीबद्दल बक्षिसे, पाठांतराबद्दल पदके, मिस्साला आला तर सहल. हे सर्व वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. लहान मुलाला वर्गापर्यंत आणायला गोळी चालते. पण दृढीकरणाचा संस्कार घेतल्यावर जी मुले पुन्हा वर्षानुवर्षे चर्चमध्ये दिसत नाहीत, त्यांच्याबाबत 'आजकालची पिढी' म्हणण्याआधी, त्यांना आपण देवावर प्रेम करायला शिकवले की बक्षिसावर, हे तपासायला हरकत नाही.

गंमत अशी, की ख्रिस्तसभेने हा प्रश्न मानसशास्त्राच्या पुष्कळ आधी ओळखला होता. १५५१ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने पश्चात्तापाचे दोन प्रकार स्पष्ट केले. देवावरील प्रेमापोटी पापाचा खेद होतो तो पूर्ण पश्चात्ताप. नरकाच्या भयाने किंवा पापाच्या कुरूपतेने होतो तो अपूर्ण. कठोर मताचे लोक म्हणत होते की भयाने आलेला खेद म्हणजे ढोंगच. परिषदेने ते मानले नाही. तोही देवाची देणगी आहे, माणसाला पापनिवेदनाच्या दारापर्यंत तो आणतो, असे तिने म्हटले. त्याचे नाव मात्र तिने अपूर्ण असेच ठेवले. धाकाची किंमत किती आणि मर्यादा कोठे, याचा एवढा समतोल निवाडा आम्हांला अन्यत्र वाचायला मिळालेला नाही. स्किनरला हा निवाडा पटला नसता. १९७१ साली त्याने एक गाजलेले पुस्तक लिहून स्वातंत्र्य आणि प्रतिष्ठा या कल्पनाच जुनाट ठरविल्या. माणसाभोवतीची परिस्थिती नीट रचली की माणूस नीट वागेल, असे त्याचे म्हणणे. (शिक्षेचा मात्र तो विरोधकच होता, हे त्याच्या पदरी टाकले पाहिजे.) पण ती परिस्थिती रचायला माणसांनी पुढे यावे, असे आवाहन तो ज्या वाचकाला करतो, तो वाचक काहीतरी निवडू शकतो हे त्याला गृहीत धरावेच लागते. पुढे बांदुराने ही कोंडी फोडली. परिस्थिती माणसाला घडवते, आणि माणूस परिस्थितीला. दोन्ही एकाच वेळी चालू असते, असे त्याने मांडले.

याचे उदाहरण पुन्हा जंगलातच सापडते. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटे गाव. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाल्यामुळे ते देशभर गाजले. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी, तसेच मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे सोबती, यांनी तेथे 'अभ्यास गट' चालवले. निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सर्वसहमतीने घ्यायचा, ही त्या गावाची रीत. दारूचा प्रश्न बायकांनी काढला, तेव्हाही गाव चर्चेला बसले. देवकार्यापुरती दारू ठेवून बाकी बंद, असे गावाने स्वतः ठरवले. नियम मोडणाऱ्याला गावाचा धाक उरलाच. तेथेही माणसेच राहतात. पण हा धाक वरून आलेला नव्हता. ज्याने मान डोलावली होती त्याचाच तो शब्द होता. आणि सभेत मागे बसलेली पोरे मोठ्यांना भांडताना, थांबताना, ऐकून घेताना, मत बदलताना पाहत होती. गोंड समाजाच्या गोटुलात तरुण मुले-मुली असेच पाहून पाहून शिकत आली आहेत. त्या संस्थेविषयी बाहेरच्यांनी, आपल्यातील काहींनीही, जे चविष्ट लिहून ठेवले त्यात ही गोष्ट हरवून गेली.

संत थॉमस अक्वायनस सद्‌गुणाला सवयच म्हणतो. वारंवार केल्याने तो अंगी मुरतो, हे त्याने ॲरिस्टॉटलकडून घेतले. मात्र तो म्हणतो ती सवय घंटेपाठोपाठच्या लाळेसारखी नसते. ती हवी तेव्हा, समजून-उमजून आणि आनंदाने वापरता येते; सुताराच्या हाताला रंधा वापरता येतो, तशी. बाबा आमट्यांना दुसऱ्या, तिसऱ्या, शंभराव्या जखमेला हात लावताना पहिल्यासारखा झगडा करावा लागला नसणार. म्हणून त्या शंभराव्या सेवेचे मोल कमी झाले, असे कोण म्हणेल? आरंभी आम्ही विचारले होते की संस्कारांनी चांगल्या झालेल्या माणसाचे श्रेय काय. आता वाटते की श्रेय मोजण्याची ती तागडीच लहान होती. माणूस जे निवडतो ते त्याच्या सवयीत उतरते, आणि त्याची सवय कुणाच्या तरी डोळ्यांसमोर घडत असते. माझे स्वातंत्र्य हे शेजारी बसलेल्या मुलाचे अभिसंधान असते. लहानग्यांना अडखळण होणाऱ्यांविषयी प्रभू येशू जात्याच्या तळीची भाषा करतो, तेव्हा ती कठोरता आम्हांला पूर्वी समजत नसे.

गडचिरोलीच्या खर्ऱ्याविषयी आणि मोहाच्या दारूविषयी एवढे लिहिताना आपल्याकडचे लग्नाचे मांडव डोळ्यांसमोर येतच होते. सकाळी वेदीसमोर वचने झालेली असतात. संध्याकाळी टेबलाटेबलांवर बाटल्या येतात, आणि आग्रह सुरू होतो. कुणीतरी एक पाहुणा प्याल्यावर हात ठेवून म्हणतो, 'मला नको.' यजमान तेवढ्यावर थांबतो का, की पुन्हा ओततो? भोवतालचे चारजण हसतात, की सहज दुसऱ्या विषयाकडे वळतात? त्याच टेबलाच्या टोकाला आठ-नऊ वर्षांचे एक पोर आइस्क्रीम खात बसलेले असते. त्याच्याकडे कुणाचे लक्ष नसते.